मदत हवी आहे: क्योटोत स्थानिक कलादिग्दर्शक

मराठी चित्रपट, काळ १९६४. बाहेरचं चित्रीकरण क्योटोतल्या जुन्या माचियात (पारंपरिक लाकडी घरात), आतले प्रसंग गोरेगावच्या फिल्मसिटीत सेट लावून. क्योटोची तातामी (जमिनीवर बसवायची गवताची जाड चटई) साधारण १९१ बाय ९५.५ सेंमी, टोकियोकडची १७६ बाय ८८. इथेच घोळ झाला तर शॉट जुळणार नाहीत, म्हणून तिथलाच जाणकार हवा. घरात खिळा ठोकायचा नाही, तातामीवर बूट नाहीत, ट्रॉलीखाली फळ्या टाकू. फिल्म कमिशनकडून (चित्रीकरणाला मदत करणारी तिथली संस्था) जागा-परवानग्यांची मदत मिळाली, माणसाची शिफारस नाही. लाइन प्रोड्यूसरचा (तिथलं चित्रीकरण आणि खर्च सांभाळणाऱ्याचा) कोट एकरकमी, खर्चाची फोड शून्य. आमचा कलादिग्दर्शक आणि दुभाष्या सोबत असतील. करार थेट करावा की लाइन प्रोड्यूसरमार्फत? आणि सजावट, वस्तूंचं भाडं, घर पूर्ववत करून देण्याचा खर्च त्यात कोणाच्या नावे लिहून घ्यायचा?