मलावीच्या खेड्यात दोन वर्षं शिकवलं. बाहेरच्या स्वयंसेवक शिक्षकाने तिथे जावं की नाही?

माळावरची (धागाकर्ती)

परवा एका जुन्या मैत्रिणीने तोंडावर सांगितलं, "आफ्रिकेतल्या खेड्यात जाऊन फुकट शिकवणं म्हणजे नुसतं स्वतःच्या मनाचं समाधान. तिथल्या पोरांना त्याचा काडीचा उपयोग नाही." मी दोन वर्षं तेच करून आले आहे, त्यामुळे बोलणं लागलं. माझं मत आधीच सांगते: जावं. पण वर्ग ताब्यात घ्यायला नाही, तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली काम करायला.

मी होते देड्झा जिल्ह्यात. डोंगराळ मुलूख, जून-जुलैत स्वेटरशिवाय निभत नाही. तिथे प्राथमिक शाळा आठवीपर्यंत असते. मला सहावी ते आठवीचं गणित दिलं होतं. पहाटे पाचच्या आत हापशावर बादल्यांची रांग लागायची, मीही त्यातच. पहिले काही महिने लहान मुलं मला 'अम्वेन्ये', म्हणजे भारतीय, म्हणायची. तिकडे भारतीय म्हटलं की दुकानदारच डोळ्यांपुढे येतो, आणि दुकानदारीण हापशावर काय करते हे त्यांना कळेना. मुलं शाळेत येताना झाडू घेऊन येतात, आधी अंगण झाडून होतं, मग साडेसातला वर्ग. दोन्ही वेळा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत पालेभाजी नाहीतर तळ्यातली सुकी मासळी.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिलीत १६० मुलं होती. खोली नव्हती, वर्ग निलगिरीखाली भरायचा. शिकवायची गावातलीच एक बावीस वर्षांची मुलगी. माध्यमिक शिक्षण पूर्ण, पण शिक्षक-प्रशिक्षण नाही. पगार नाही. सुगीत शाळा समिती मका देई तेवढाच. कागदावर तीही 'स्वयंसेवक शिक्षिका' आणि मीही.

एकदा ती बाटल्यांची बुचं घेऊन बेरीज शिकवत होती. चिचेवा भाषेत पाचला झिसानू म्हणतात. सहाला वेगळा शब्द नाही, झिसानू न्दी चिमोद्झी, म्हणजे पाच आणि एक. आठ म्हणजे झिसानू न्दी झितातू, पाच आणि तीन. ती एका हाताची मूठ मिटायची, ते पाच, आणि दुसऱ्या हाताची तीन बोटं वर. माझ्या सहावीतली मुलं आठ अधिक सात करताना अजून बोटं मोजत बसायची आणि मी इंग्रजीत तेच तेच समजावत होते. दुसऱ्या दिवशी मी तिची रीत उचलली: दोन मुठी म्हणजे दहा, उरलेले तीन आणि दोन म्हणजे आणखी एक मूठ. पंधरा. पुढच्या बाकांवरून उत्तर येईपर्यंत मागचे भिंतीला टेकून बसलेलेही ओरडले. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नसतं.

सह्याद्रीचा_कडा

अनुभव चांगला लिहिलाय, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत. तुमच्याच लिखाणात तुमच्या मैत्रिणीचं उत्तर आहे. शिकवणारी माणसं गावात होती, नव्हता तो पगार. तुमचं विमानाचं तिकीट, विमा, राहण्याखाण्याचा खर्च एकत्र करा आणि त्यात त्या मुलीला किती महिने मानधन देता आलं असतं ते सांगा.

मूळ दुखणं जुनं आहे. १९९४ मध्ये मलावीत पहिल्या बहुपक्षीय निवडणुका झाल्या, मुलुझी सत्तेवर आले आणि प्राथमिक शाळेची फी माफ झाली. साधारण १९ लाख मुलं शाळेत होती, ती वर्षभरात ३० लाखांच्या घरात गेली. खोल्या तेवढ्याच. हजारो अप्रशिक्षित माणसं घाईघाईने वर्गांवर उभी केली. त्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही, त्यामुळे गरिबाचं पोर शाळेत आलं. पण तेव्हापासूनची तूट 'स्वयंसेवक' या शब्दाखाली झाकली जाते. आपल्याकडे २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षकाला महिना ३००० रुपये मिळत. सेवक म्हटलं की पगार मागायची सोय राहत नाही. मी स्वतः तीन वर्षं त्यातून गेलोय. बाहेरून फुकट माणूस आला की सरकारवरचा दाब आणखी कमी होतो.

माळावरची

कडा, पैशाचा मुद्दा मला झोंबला, कारण तो हिशेब मी तिथे असतानाच केला होता. नुसत्या तिकिटात तिचं वर्ष निघालं असतं. पण ते पैसे ज्या संस्थेने दिले तिने ते माझ्यासाठीच दिले असते, तिच्यासाठी नाही. हे चूक आहे हे मान्य. पण 'म्हणून जाऊ नका' हे त्यातून निघत नाही. संस्थेने पाठवणीच्या खर्चाइतकी रक्कम स्थानिक शिक्षकांसाठी ठेवावी, असं मी परत आल्यावर लेखी कळवलं. अजून उत्तर नाही.

दारेसलामकर

मी टांझानियात अकरा वर्षं आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. दोन वर्षं राहणारे तुमच्यासारखे थोडे, दोन-तीन आठवड्यांचे जथे फार. येतात, एक भिंत रंगवतात, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढतात. तेवढे दिवस नेहमीचे शिक्षक मागे उभे. जथा गेला की मुलं चार दिवस फाटकाशी थांबतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शिवाय भाषा. इथे सरकारी प्राथमिक शाळेची सातही वर्षं स्वाहिलीतून असतात. पाहुणा येतो तो इंग्रजीत बोलतो, आणि शिक्षकाने त्याचं भाषांतर करायचं. मग शिक्षक कोण? इथे शिक्षकाला म्वालिमू म्हणतात. न्येरेरे स्वतः शिक्षक होते आणि राष्ट्रपती झाल्यावरही लोकांनी त्यांना तेच म्हटलं. एवढा मान ज्या शब्दाला आहे तो पंधरा दिवसांच्या पाहुण्याला देऊ नये.

माळावरची

दारेसलामकर, जथ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. भाषेचंही. मलावीत २०१३च्या कायद्याने इंग्रजी माध्यम ठरवलं, पण खालच्या वर्गांत प्रत्यक्षात चिचेवाच चालते, आणि चालायलाच हवी. म्हणूनच मी पहिलीच्या वर्गाला हात लावला नाही.

सातपुडा_शाळा

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, वर्गातली मुलं घरी पावरी बोलतात. मला ताईंचं म्हणणं पटतं, पण 'हाताखाली' हा शब्द अपुरा वाटतो. बाहेरच्या माणसाला जे दिसतं ते आम्हाला रोजच्या धबडग्यात दिसेनासं होतं. त्याने गप्प राहून चालणार नाही. आणि एक विचारतो: आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला आईबाप निघाले की पोरं गायब. तिथे असं काही होतं का?

माळावरची

सर, होतं. तिकडे सुगी एप्रिल-मे महिन्यांत. जानेवारी ते मार्च घरातल्या कणग्या रिकाम्या. तेव्हा लोक दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारी करतात, तिला गान्यू म्हणतात. मोबदला कधी पैशात, कधी पिठात. आईबापांबरोबर पोरंही जातात. माझ्या आठवीच्या वर्गात चाळीसची एकोणीस झाली.

पहिल्या वर्षी मी एक चूक केली. एक मुलगा रोज दहाच्या सुमाराला यायचा. तिसऱ्या दिवशी मी त्याला दाराबाहेर उभं केलं. तो काही बोलला नाही, दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. तास संपल्यावर मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "त्याचे हात बघितलेत का?" नखांत लाल माती होती आणि अंगठ्याच्या मुळाशी कुदळीचा फोड फुटलेला. पहाटेपासून शेजाऱ्याचा मका खुरपून, भांडंभर पीठ घरी ठेवून तो शाळेत आला होता, म्हणजे यायचं म्हणून आला होता. मी त्याची माफी मागितली. तो अवघडला.

पुढच्या पावसाळ्यात शिक्षकांच्या बैठकीत ठरलं की त्या तीन महिन्यांत आठवीचं गणित पहिल्या तासाला नको, साडेदहानंतर घ्यायचं. सूचना माझी नव्हती, मुख्याध्यापकांची होती. मला सगळे दिवसभर मोकळं धरत होते म्हणून वेळ बदलता आली, एवढाच माझा उपयोग. तुम्ही म्हणता तसं मी त्या वर्षी 'बाहेरून' जे बघितलं ते साफ चुकीचं बघितलं होतं. म्हणून 'हाताखाली' हाच शब्द मला बरोबर वाटतो.

सातपुडा_शाळा

हे वाचून थांबलो. आमच्याकडे उशिरा येणाऱ्यांची यादी फळ्याच्या कोपऱ्यात लिहितात. उद्या पुसतो.

लेकीची_आई

माझी मुलगी बावीसची आहे, अशाच एका देशात सहा महिन्यांसाठी जायचं म्हणते. सहा महिने पुरतात का? मला तिच्या तब्येतीची जास्त काळजी आहे.

माळावरची

ताई, हिवतापाच्या गोळ्या निघण्याआधीपासून सुरू कराव्या लागतात, डॉक्टरांना वेळेत भेटा. मच्छरदाणी एकही रात्र चुकवायची नाही. सहा महिन्यांत मुलांची नावं आणि बाजारापुरती भाषा येते. तिने वर्ग मागू नये. वाचनाचा गट, वह्या तपासणं, शिक्षकांना जे हवं ते करावं. आणि परतीची तारीख मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगावी.

सह्याद्रीचा_कडा

शेवटचं विचारतो. पहिलीला शिकवणारी ती मुलगी आता कुठे आहे? तुम्ही आलात, गेलात, तिचं काय झालं?

माळावरची

प्रशिक्षण महाविद्यालयासाठी तिचं गणित कच्चं पडत होतं. शेवटचं वर्षभर आम्ही रात्री सौर दिव्याखाली बसायचो. ती मला चिचेवा शिकवायची, मी तिला बीजगणित. फेरपरीक्षेत पास झाली. अर्ज भरलाय, यादी अजून लागलेली नाही. गेल्या रविवारी फोन झाला तेव्हा म्हणाली, समितीने यंदा मका वाढवून दिलाय, पगाराचं कुणी काढत नाही. पहिलीत आता १७४ मुलं आहेत.