संमती मिळेपर्यंत फायरबेस ॲनालिटिक्स बंद कसे ठेवावे?

प्रश्न

नमस्कार. बाजार समित्यांचे रोजचे भाव दाखवणारे एक अँड्रॉइड ॲप आम्ही दोघे मिळून कोटलिनमध्ये लिहीत आहोत आणि लोक नेमका कोणता भाग वापरतात हे कळावे म्हणून त्यात फायरबेस ॲनालिटिक्स जोडले आहे. वापरकर्त्याने होकार देईपर्यंत काहीही नोंदवायचे नाही असे ठरल्यामुळे ॲप्लिकेशन क्लासच्या ऑनक्रिएटमध्ये (ॲप सुरू होताना चालणाऱ्या कोडमध्ये) पहिल्याच ओळीत संकलन बंद करतो, तरीही लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइडच्या नोंदींच्या यादीत) त्याच्या आधीच फायरबेस सुरू झाल्याची ओळ उमटते. दुसरे असे की, संमतीनंतर आम्ही पाठवत असलेला 'कांदा_भाव_पाहिला' हा इव्हेंट (वापरकर्त्याच्या कृतीची नोंद) अहवालात लगेच दिसत नाही. जोडणीत काही राहून गेले आहे का?

प्रतिसाद १

जोडणी बरोबर आहे, बंद करण्याची जागा चुकली आहे. फायरबेस स्वतःचा एक कंटेंट प्रोव्हायडर (अँड्रॉइड आपोआप सुरू करते असा घटक) ॲपमध्ये आणते आणि अँड्रॉइड सगळे कंटेंट प्रोव्हायडर ॲप्लिकेशनच्या ऑनक्रिएटच्या आधी उभे करते. त्यामुळे तुमची पहिली ओळ प्रत्यक्षात पहिली नसतेच. मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती आणि परवानग्या लिहिलेल्या फाइलमध्ये) 'फायरबेस ॲनालिटिक्स कलेक्शन एनेबल्ड' ही मेटाडेटा नोंद फॉल्स ठेवा आणि होकार मिळाल्यावर कोडमधून सेटॲनालिटिक्सकलेक्शनएनेबल्ड ट्रू करा. ही निवड पुढच्या वेळी ॲप उघडल्यावरही टिकून राहते. याच नावासारखी, शेवटी 'डिॲक्टिव्हेटेड' असलेली दुसरी नोंद मात्र लावू नका, कारण ती लावल्यावर कोडमधून संकलन पुन्हा सुरू करता येत नाही.

संमती मागे घेण्याची सोयही सेटिंग्जमध्ये ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे संमती देणे जितके सोपे, जवळपास तितकेच ती मागे घेणे सोपे असावे लागते. त्या वेळी संकलन फॉल्स करून रीसेटॲनालिटिक्सडेटा बोलावल्यास फोनवर साठलेला ॲनालिटिक्सचा डेटा पुसला जातो आणि त्या फोनवरील ॲपची ओळख असलेला ॲप इन्स्टन्स आयडीही बदलतो.

प्रतिसाद २

अहवालाबद्दल लिहितो. इव्हेंट घडल्या क्षणी जात नाहीत. बॅटरी वाचावी म्हणून ते फोनवर साठवून साधारण तासाभराने एकगठ्ठा पाठवले जातात आणि त्यानंतर अहवालात यायलाही वेळ लागतो. चाचणी करताना 'एडीबी शेल सेटप्रॉप' या आज्ञेने 'डीबग.फायरबेस.ॲनालिटिक्स.ॲप' या प्रॉपर्टीला तुमच्या पॅकेजचे नाव द्या, म्हणजे डीबगव्ह्यूमध्ये (फायरबेसच्या चाचणीच्या पानावर) इव्हेंट काही क्षणांत दिसू लागतील. काम झाल्यावर हे बंद करण्यासाठी तिथे '.नन.' लिहायला विसरू नका.

मला अधिक खटकले ते इव्हेंटचे नाव. आज कांदा आहे, उद्या तूर, सोयाबीन, डाळिंब येतील आणि प्रत्येकासाठी वेगळे नाव केले तर वेगवेगळ्या नावांची ५०० ही मर्यादा कधीतरी आडवी येईलच; शिवाय 'एकूण किती जणांनी भाव पाहिला' या साध्या प्रश्नासाठी तुम्हाला बेरजा करत बसावे लागेल. इव्हेंट एकच ठेवा, 'भाव_पाहिला', आणि शेतमाल व बाजार समिती ही त्याची पॅरामीटर (इव्हेंटसोबत जाणारी माहिती) करा. एका इव्हेंटला २५ पॅरामीटर चालतात आणि मूल्य १०० अक्षरांपर्यंत असू शकते. ही पॅरामीटर कन्सोलमध्ये कस्टम डायमेन्शन (अहवालातील आपला स्वतःचा रकाना) म्हणून आधीच नोंदवा, कारण नोंदणीपूर्वीचा डेटा त्या अहवालात मागाहून येत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मॅनिफेस्टमधील बदलानंतर संमतीपूर्वी काही जात नाही, हे डीबगव्ह्यूमध्ये तपासले. आता प्ले कन्सोल (प्ले स्टोअरवर ॲप प्रसिद्ध करण्याची जागा) जाहिरात आयडीबद्दल (जाहिरातींसाठी वापरल्या जाणाऱ्या ओळखक्रमांकाबद्दल) विचारत आहे, पण आमच्या ॲपमध्ये जाहिराती नाहीत आणि ती परवानगी आम्ही कुठेही लिहिलेली नाही.

प्रतिसाद ३

ती एसडीकेच्या (ॲपमध्ये जोडलेल्या फायरबेसच्या तयार कोडच्या) मॅनिफेस्टमधून आली आहे. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये मॅनिफेस्ट उघडून 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' हा टॅब पाहा, तिथे 'एडी_आयडी' ही परवानगी सापडेल. स्वतःच्या मॅनिफेस्टमध्ये तीच परवानगी 'टूल्स:नोड' रिमूव्ह करून लिहिली की अंतिम बिल्डमधून ती निघून जाते. ॲप कोणती माहिती गोळा करते हे प्ले स्टोअरला सांगणारा डेटा सेफ्टीचा अर्ज मात्र तरीही नीट भरावा लागेल. एसडीके गोळा करत असलेल्या माहितीची जबाबदारीही प्ले स्टोअर ॲप प्रसिद्ध करणाऱ्यावरच टाकते.