भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये ‘मजा’ आणायची आहे, काय करू?

मीनल_भोसरी:

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी हजेरी, पगार, हिशेब आणि वेळ पडली की एचआर असं सगळंच बघते. माणसं चाळीसएक. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी, व्हीएमसी आणि दोन म्हाताऱ्या ग्राइंडिंग मशीन. ट्रॅक्टरचे आणि पंपांचे पार्ट बनतात. आमचा रविवार गुरुवारी येतो, हे इकडच्यांना सांगायला नको.

दिवाळीचा बोनस हातात पडला आणि चार चांगले ऑपरेटर सोडून गेले. शेठ म्हणाले, "मीनल, वातावरणात जान नाही. लोकांना जरा मजा वाटली पाहिजे, बघा काहीतरी." मग एक कन्सल्टंट आले. पहिली शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांना गोलात उभं केलं, फुगे उडवायला लावले आणि प्रत्येकाला आवडता प्राणी विचारला. ग्राइंडिंगचे मामा, नोकरीत केस पांढरे झालेला माणूस, "वाघ" म्हणाले आणि घड्याळाकडे बघत राहिले. त्यांची बस चुकली होती. दुसऱ्या दिवशी उरलेला एक फुगा कोणीतरी कूलंटच्या (मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीला बांधून ठेवला होता. मी तो काढला नाही, कारण दिवसभरात लोक हसले ते तेवढ्यानेच.

आता महिन्याला पंधरा हजार मंजूर झालेत. टी-शर्ट, केक, क्रिकेट, पानशेतची सहल असं डोक्यात आहे. कोणी खरंच केलेलं सांगा. गूगलवरचं मी वाचलंय.

पुणे_३०:

चाळीस माणसं, पंधरा हजार. माणशी पावणेचारशे. रोख द्या, फुग्यांचा खर्च वाचेल. सल्ल्याचे पैसे घेत नाही.

हिंजवडी_फेज३:

आमच्याकडे फन कमिटी आहे. रांगोळी, एथनिक डे, पिझ्झा, सगळं होतं. गणपतीत खरंच धमाल येते, कारण ते लोक आपणहून करतात, वर्गणीपासून ढोलाच्या सरावापर्यंत. बाकीच्या वेळी फोटोपुरतं हसतो. गेल्या वर्षातली सगळ्यात लोकप्रिय गोष्ट म्हणजे आमच्या मॅनेजरने संध्याकाळी सहानंतर मीटिंग ठेवणं बंद केलं. इथलं ट्रॅफिक माहीत असलेल्याला त्याची किंमत कळेल.

फोरमन_काका:

मीनलताई, मी औंध आयटीआयचा फिटर. पिंपरीत हेल्परपासून फोरमनपर्यंत गेलो, आता घरी आहे. तुमच्या शेठना एक गोष्ट आधी सांगा, जे काय करायचं ते शिफ्टमध्ये करा. शिफ्ट सुटल्यानंतरचा वेळ त्याच्या बायकोपोरांचा आहे. तो कापून मजा देताय म्हटल्यावर माणूस वाघच म्हणणार.

दुसरं, बोनस किमान ८.३३ टक्के आणि ओटी, म्हणजे जादा तासांचे पैसे, दुप्पट दराने, हा कायद्याचा हिशेब आहे. त्याला बक्षीस म्हणून मिरवू नका, लोक मनात हसतात. ओटीचे तास पगाराच्या स्लिपवर वेगळे छापता का? नसाल तर ते आधी.

आता शॉपमध्ये जा आणि मायक्रोमीटर, म्हणजे पार्टचं बारीक माप घ्यायचं साधन, किती आहेत ते मोजा. आमच्या लाइनला चार मशीनमध्ये एक होता. त्याचं शून्य जुळत नव्हतं. दोन घरं वजा करायची हे जुन्यांना पाठ, नव्या पोराला कोण सांगणार? त्याने आकडा दिसला तसा धरला, अख्खी ट्रे रिजेक्ट झाली आणि सुपरवायझरने सगळ्यांदेखत त्याची आईबहीण काढली. पुढच्या गुरुवारनंतर पोरगं आलंच नाही. गेटवर सगळे म्हणाले, चाकणला पगार जास्त मिळाला. पगार सांगणं सोपं असतं हो. अपमान झाला म्हणून सोडलं, हे कोणी राजीनाम्यात लिहितं का?

तेव्हा गेलेल्या चौघांना फोन करा, शेठच्या केबिनमधून नको, घरून करा.

आणखी एक. आमच्याकडे एक हेल्पर वर्षानुवर्षं एकाच शाफ्टचं डीबरिंग करायचा, कानशीने कडा मारून ट्रेमध्ये टाकायचा. तो शाफ्ट कुठे बसतो हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं. एकदा गिऱ्हाईकाकडून कापलेला गिअरबॉक्स आला, आतलं दिसावं म्हणून अर्धा चिरलेला. हा पठ्ठ्या वाकून बघत बसला. मग बोट घालून म्हणाला, "हा माझा." जेवणाच्या सुट्टीत जो येईल त्याला ओढत नेऊन दाखवायचा. त्या आठवड्यात कडा कशा लागतात यावर त्याने मलाच चार गोष्टी सुनावल्या. तुमच्या गिऱ्हाईकाकडे तसा एखादा कापलेला नमुना असेलच, मागून बघा.

सूचनापेटी लावणार असाल तर किल्ली कुणाकडे ते आधी ठरवा. टोयोटाने कामगारांच्या सूचनांची पद्धत १९५१ साली सुरू केली, पण आपल्याकडच्या पेट्यांत मी बडीशेपेची पुडी आणि मेलेली पाल पाहिली आहे. आठ दिवसांत उत्तर द्या. "नाही" असेल तर "नाही, कारण अमुक".

वारीची रजा आत्ताच विचारून वहीत लिहा. दोन्ही पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी अर्धी शिफ्ट तशीही आजारी पडते. आणि दसऱ्याला ज्याची मशीन त्याच्या हातून पूजा, घरच्यांना आत बोलवा. सहल त्यानंतर लोकच काढतील.

वर्गावरची_मास्तरीण:

काकांशी बरंचसं सहमत, पण एक फरक करते. मी व्यवस्थापन शिकवते. हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्गच्या दोनशेवर इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारून १९५९ मध्ये मांडलं की पगार, साहेबाची वागणूक, कामाची जागा हे बिघडलं की माणूस नाराज होतो, पण सुधारलं म्हणून खूश होईलच असं नाही. खुशी येते ती काम जमल्याची, कोणी ते ओळखल्याची. ओटीची स्लिप पहिल्या खात्यात, गिअरबॉक्स दुसऱ्या. दोन्ही लागतात. (त्या यादीत ग्राइंडिंगचे मामा नव्हते, हेही खरं. म्हणून मुलांना मी हे चिमूटभर मीठ घालून शिकवते.)

पुणे_३०:

हर्झबर्ग आले. आता धागा सुटत नाही.

मीनल_भोसरी:

सगळ्यांचे आभार, पुणे_३० यांचेही. चौघांपैकी दोघांनी फोन उचलला. एकजण पगारासाठीच गेला, सरळ सांगितलं. दुसरा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "मॅडम, सेकंड शिफ्टला चहा कधी गरम मिळाला का?" मी सेकंड शिफ्टला कधी थांबतच नाही, त्यामुळे हे मला कळायचा प्रश्नच नव्हता. चहावाल्याशी बोलले. साडेसहाला पुन्हा ताजा करून देतो म्हणालाय, कपामागे रुपया जास्त.

मायक्रोमीटर मोजले. काका, आमच्याकडेही तेच, फक्त तीन मशीनमध्ये एक. या महिन्याच्या पैशात दोन नवे बसतात. शेठ बिल बघून म्हणाले, "यात मजा कुठे आहे?" मी मामांना केबिनमध्ये बोलावलं. ते सुरू झाले ते शेठचं जेवण थंड होईपर्यंत थांबले नाहीत. बिलावर सही झाली.

दसऱ्याचं शेठना पटलंय, पण लहान मुलं आत येणार म्हणून घाबरलेत. काका, तुम्ही कसं करत होतात?

फोरमन_काका:

आदल्या दिवशी शेवटचा तासभर फक्त सफाई. फरशीवरचं तेल भुश्याने उचला, नाहीतर पहिली आजी घसरते. पूजेच्या वेळी मेन स्विच बंद, किल्ली तुमच्याकडे. मुलांना बुटाशिवाय आत सोडू नका, पोलादाची चीप, म्हणजे बारीक कपची, तळपायात गेली तर दिसतसुद्धा नाही. एक मशीन मात्र नारळ फुटल्यावर चालू करून दाखवा, मशीनचा दरवाजा बंद ठेवून, आणि बटण ऑपरेटरच्या पोराला दाबू द्या. पेढे जरा जास्त मागवा, आमच्याकडे दरवर्षी कमी पडायचे.