शेव, लेबल आणि सात रुपये
दादा, टॅक्सवर लिहिणारे पत्रकार नुसती सरकारी प्रेसनोट छापतात हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे, पण अर्धंच. मी इंदूरमध्ये हेच बीट करतो, म्हणजे पेपरसाठी टॅक्सच्याच बातम्या, आता ३ सप्टेंबर २०२५ चीच गोष्ट घ्या, जीएसटी कौन्सिलची मीटिंग दोन दिवस चालणार होती ती एकाच दिवसात आटोपली, रात्री दहाच्या सुमारास प्रेस कॉन्फरन्स, आणि इकडे डेस्कवरून फोनवर फोन, की नमकीनवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला ना, मग "शेव ७ टक्के स्वस्त" अशी हेडिंग टाक!

अहो, कसली ७ टक्के. १०० रुपयांचा माल आधी ११२ ला पडायचा, आता १०५ ला, म्हणजे ११२ वर सात रुपये, सव्वासहा टक्के. तेही फक्त लेबल लावलेल्या पाकिटाला. राजवाड्याजवळ दुकानदार तराजूत तोलून कागदाच्या पुडीत देतो ना, त्या सुट्या शेवेवर आधीपासूनच ५ होता, तिथे कपात शून्य. आपल्या घरी तर पोह्यांवर सुटीच शेव पडते!

कपात फक्त लेबलवाल्या पाकिटाला, हे एक वाक्य बातमीत घालायला शेड्यूल, म्हणजे कोणत्या मालावर किती कर याची यादी, काढून ओळ न् ओळ वाचावी लागते, आणि जागा कमी पडली की पहिलं तेच वाक्य उडतं. दुसऱ्या दिवशी आईच म्हणाली, काय रे, तुझ्या पेपरात स्वस्त लिहिलंय, दुकानदार तर कालचाच भाव सांगतोय. नवे दर २२ सप्टेंबरपासून लागू होणार होते, तेही खाली बारीक अक्षरात.