मदत हवी आहे: आजीची मालिका काहून बंद होऊन रायली?

टीव्ही लाइनमधलं कोणी हाय का इथं? आमच्या आजीची साडेसहाची मालिका बंद होऊन रायली, कापूस वेचून आल्यावर तिचा तेवढाच विसावा अन् आमच्या गल्लीत चारपाच घरी तेच लागते, मंग टीआरपी कमी कसा? मी वाचलं का 2015 पासून बार्क नावाची संस्था हा टीआरपी, म्हंजे किती लोक काय पाहतात ते, मोजते, देशात 50 हजारावर घरी मीटर हायेत, आवाजातल्या लपवलेल्या खुणेवरून कोणतं चॅनल सुरू हाय ते मीटरले समजते. घरं गुप्त ठेवतात, ते बरोबरच हाय बाप्पा. पण मोबाइलवर पाहतो ते यात धरतात का? अन् खेड्यातल्या घराले जाहिरातवाले किती मोजतात? चॅनलले पत्र लिहून कोणाची मालिका वाचली असन तर सांगा, आजी रोज इचारते.