नवरा लसीच्या विरोधात आहे, मुलीचे डोस अडकलेत. मदत हवी आहे

अबोली:

आम्ही मुलुंडला राहतो. मुलगी दहा महिन्यांची आहे. जन्माच्या वेळचे, दीड महिन्याचे आणि अडीच महिन्यांचे डोस महापालिकेच्या केंद्रात झाले. अडीच महिन्यांच्या डोसनंतर तिला ताप आला, मांडी सुजली. तेव्हापासून नवरा लस द्यायचीच नाही म्हणतो. साडेतीन महिन्यांचे डोस राहिले, आता नऊ महिन्यांचा गोवराचाही राहिला.

त्याचं म्हणणं असं: कोव्हिशील्डच्या कंपनीने कोर्टात दुष्परिणाम कबूल केले, मग या लसींचेही दडवत असणार. गोवराच्या लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते. लसीत पारा असतो. मुलींना पुढे मूल होऊ नये म्हणून परदेशातून पैसा येतो. कांदिवलीत खोटी लस टोचली होती, मग बाटलीत काय आहे हे कोण सांगणार? शिवाय लस सक्तीची नाही असं सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय. सासूबाईंचं म्हणणं, गोवर येऊन गेलेला बरा, आमच्या वेळी सगळ्यांना यायचा.

तो मुलीचं सगळं मनापासून करतो, म्हणून जास्तच अवघड जातंय. मी एक लिंक पाठवली की तो उलट चार पाठवतो. डोस पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागतील का? त्याच्या बोलण्यात खरं किती? बोलायचं कसं? आणि मी एकटीने नेऊन लस दिली तर चालेल का?

निशिगंध:

अबोलीताई, आधी डोसचं बघू, कारण त्यात दिलासा आहे. पहिल्यापासून काहीही द्यावं लागत नाही. मध्ये कितीही खंड पडला तरी झालेले डोस धरले जातात आणि तिथून पुढे चालू करतात. पेंटाचा, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा, पहिला डोस वर्षाच्या आत झाला आहे, त्यामुळे तिसरा आता देता येतो. त्याच दिवशी पोलिओचे थेंब, पोलिओचं इंजेक्शन, रोटा (जुलाबावरची), न्यूमोकोकल (न्यूमोनियावरची) आणि गोवर-रुबेला म्हणजे एमआर, हे सगळं एका भेटीत चालतं. पेंटा डाव्या मांडीत, न्यूमोकोकल उजव्या मांडीत, एमआर उजव्या दंडात कातडीखाली ०.५ मिली. जीवनसत्त्व अ चा पहिला डोसही एमआरसोबतच असतो, १ मिली तोंडावाटे. न्यूमोकोकल आणि पोलिओच्या इंजेक्शनचे उरलेले डोस कधी, हे कार्डावरच्या तारखा बघून केंद्रात ठरवतील.

एकदम इतक्या सुया नवऱ्याला पटणार नाहीत असं वाटलं तर निदान एमआर आधी घ्या. क्रम निवडायची वेळ आलीच तर माझं मत ठामपणे एमआर. गोवर हवेतून पसरतो, रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू हवेत राहतो. लस न घेतलेल्यांत एका रोग्याकडून १२ ते १८ जणांना लागण होते. मुंबईत २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडी-मानखुर्द भागातून तो कसा पसरला आणि लहान मुलं कशी दगावली हे सगळ्यांनी पाहिलंय. तेव्हा काही भागांत नऊ महिने पूर्ण न झालेल्या बाळांनाही सहाव्या महिन्यापासून जादा डोस द्यावा लागला होता.

एमआरची भुकटी कुपीत द्रावण घालून एकदा कालवली की चार तासांत टाकून द्यावी लागते, म्हणून बऱ्याच ठिकाणी ती ठरलेल्या वारीच देतात. जायच्या आधी आरोग्यसेविकेला वार विचारून घ्या. बाळाचं कार्ड सोबत हवंच. हरवलं असेल तर यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लस-नोंदणीवर नोंद आहे का ते केंद्रात बघता येतं.

परळकर:

मी मुद्द्यांकडे येतो. एक विनंती: यातलं जे खरं आहे ते त्याच्यासमोर आधी मान्य करा. खऱ्या गोष्टीलाही तुम्ही खोटं म्हणालात की पुढचं काहीच ऐकलं जाणार नाही.

कोव्हिशील्ड. हे खरं आहे. रक्तात गुठळ्या आणि सोबत प्लेटलेट कमी होणं हा तिचा अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम आहे. पण तो २०२४ मध्ये कोर्टात पहिल्यांदा उघड झाला असं नाही. युरोपच्या औषध नियामकाने तो एप्रिल २०२१ मध्ये जाहीर केला होता, आणि आपल्याकडच्या सरकारी समितीने त्याच वर्षी मे महिन्यात दहा लाख डोसमागे ०.६१ असा आकडा दिला होता. तो त्रास लसीनंतर साधारण ४ ते ४२ दिवसांत होतो, काही वर्षांनी नाही. शिवाय ती लस आणि एमआर यांची जातकुळीच वेगळी. एमआरमध्ये गोवर आणि रुबेलाचे दुबळे केलेले विषाणू असतात. गोवराची लस जगात १९६३ पासून आहे, आपल्या सरकारी कार्यक्रमात १९८५ पासून. इतक्या पिढ्यांवर वापरलेल्या लसीचे दुष्परिणाम माहीत नसण्याची शक्यताच उरलेली नाही.

स्वमग्नता. हे १९९८ च्या एका लेखातून आलं. अँड्र्यू वेकफील्ड, 'लॅन्सेट' नियतकालिक, फक्त १२ मुलं. लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वेकफील्डची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली. उलट बाजूला डेन्मार्कचा २०१९ चा अभ्यास आहे. ६,५७,४६१ मुलं, आणि लस घेतलेल्यांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. गोंधळ वयामुळे होतो. स्वमग्नतेची लक्षणं साधारण दीड वर्षाच्या आसपास डोळ्यांत भरू लागतात, आणि एमआरचा दुसरा डोसही तेव्हाच असतो.

पारा. इथे सरसकट 'नाही' म्हणू नका. एमआर आणि बीसीजीमध्ये नाही, जिवंत जंतूंच्या लसीत तो घालताच येत नाही. पेंटाच्या अनेक डोसांच्या कुपीत मात्र थायोमर्सल नावाचं टिकाऊपणाचं द्रव्य अगदी अल्प प्रमाणात असतं. त्यातला पारा इथिल प्रकारचा, तो शरीराबाहेर लवकर पडतो. माशांतून येणारा, साठून राहणारा मिथिल पारा वेगळा. आणि हे द्रव्य घालायचं कारण म्हणजे पुन्हा पुन्हा सुई घातल्या जाणाऱ्या कुपीत जंतू वाढू नयेत.

मूल होणार नाही ही अफवा २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रात एमआर मोहीम झाली तेव्हाही फिरत होती. वस्तुस्थिती बरोबर उलटी आहे. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर गर्भपात होतो, किंवा बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष घेऊन जन्मतं. मुलीला रुबेलाची लस देणं म्हणजे तिच्या उद्याच्या बाळाला जपणं. आणि परदेशी पैशाचं म्हणाल तर सरकारी कार्यक्रमातल्या एमआरचा मोठा पुरवठा पुण्याच्या सीरमचा आहे.

कांदिवली खरं आहे. २०२१ मध्ये एका सोसायटीत बनावट शिबिर झालं, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. ती टोळी खाजगी शिबिराच्या नावाखाली घुसली होती. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात लस शीतसाखळीतून येते आणि कुपीचा बॅच क्रमांक नोंदला जातो.

सुप्रीम कोर्टाचं म्हणाल तर २ मे २०२२ चा तो निकाल कोविडच्या लसीबद्दल आहे. कोणावर बळजबरीने लस देता येणार नाही असं त्यात आहे, आणि सरकारचं लसीकरण धोरण अवाजवी म्हणता येत नाही हेही त्याच निकालात आहे.

अबोली:

परळकर, खूप आभार. पण हे सगळं मी त्याला वाचून दाखवलं तर तो 'हे सगळे विकले गेलेत' म्हणून मोकळा होईल.

कंदील:

म्हणूनच वाचून दाखवू नका. परळकरांचा प्रतिसाद तुमच्यासाठी आहे, त्याला पाठवायला नाही.

त्याचा विरोध कधी सुरू झाला बघा. ताप आला, मांडी सुजली, त्यानंतर. आधी बाळाचा त्रास बघवला नाही, आणि मग मोबाइलवर त्या भीतीला कारणं मिळत गेली. एक कारण खोडलं की दुसरं येतं, कारण खालची भीती तशीच असते. तिच्याबद्दल बोला.

वेळ निवडा. बाळ झोपलेलं, जेवण झालेलं, दोघांचे मोबाइल लांब. सासूबाईंसमोर नको. आईसमोर माघार घेणं कुठल्याही मुलाला जड जातं. सुरुवात प्रश्नाने करा: "तिला लस दिली तर नेमकं काय होईल अशी भीती वाटते तुला?" आणि तो बोलत असताना मध्ये दुरुस्ती करू नका. मग त्याचंच म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे मागच्या वेळेसारखा त्रास झाला आणि आपल्याला तो आवरता आला नाही तर, असंच ना?" तो 'हो' म्हणाला की अर्धं काम झालं. त्यानंतर विचारा: "याबद्दल मी वाचलेलं एक सांगू का?" तो हो म्हणाला तरच सांगा, आणि एकच सांगा. सांगून झाल्यावर "तुला काय वाटतं?" म्हणून थांबा.

दुसरा उपयोगी प्रश्न आकड्याचा. "शून्य म्हणजे कधीच नाही, दहा म्हणजे उद्याच देऊ. तू कुठे आहेस?" तो तीन म्हणाला तर "तीनच का?" विचारू नका, मग तो विरोधाचीच कारणं मोजेल. "शून्य का नाही म्हणालास?" असं विचारा. मग लसीच्या बाजूची कारणं त्याच्याच तोंडून येतात, आणि स्वतःच्या तोंडून आलेलं माणूस सहसा खोडत नाही.

काय टाळायचं: 'व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठ', 'अडाणी' असले शब्द, त्याच्या भावाला किंवा तुमच्या वडिलांना मध्ये घालणं, आणि फॉरवर्डला फॉरवर्डने उत्तर देणं. त्याने व्हिडिओ दाखवलाच तर सोबत बघा आणि एवढंच विचारा: हा माणूस कोण, तारीख कुठली, खाली काही विकतोय का?

शेवटी मागणी लहान ठेवा. 'लसीवर विश्वास ठेव' ही मागणी नको. 'आपण दोघं बालरोगतज्ज्ञांकडे जाऊ, तुझे प्रश्न तू कागदावर लिहून आण' ही मागणी ठेवा. मत बदलायला महिने लागू शकतात, डोसला तेवढी सवड नाही. त्याचं मत तसंच राहून डोस झाला तरी आज चालेल. डॉक्टरांना आधी फोन करून परिस्थिती सांगून ठेवा, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांचा मोकळा वेळ देतील.

एक मात्र तपासा. संशय लसीपुरताच आहे का? अन्नात कोणी काही मिसळतंय, कोणी पाळत ठेवतंय असं बोलणं, रात्र रात्र झोप नाही, असं काही असेल तर हा विषय वेगळा, तिथे मानसोपचारतज्ज्ञ लागतील. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तुम्हाला स्वतःला ताण असह्य झाला तरी तिथे बोलता येतं.

सह्यवारा:

इतकं कशाला? माहेरी जायच्या निमित्ताने न्यावं आणि लस देऊन यावं. आई आहेस, तुझा हक्क आहे. केंद्रात दोघांच्या सह्या मागत नाहीत.

निशिगंध:

सह्यवारा, हक्काबद्दल सहमत. बाळाला घेऊन आलेल्या आईच्या संमतीवर लस देतात. पण गुपचूप देण्याला माझा विरोध आहे, आणि कारणं व्यवहाराची आहेत. यू-विनवर नोंद झाली की नोंदवलेल्या मोबाइलवर संदेश जातो, तो कोणाचा आहे ते बघा. एमआरचा ताप त्याच दिवशी येत नाही, ५ ते १२ दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. तेव्हा खरं सांगावं लागणार, किंवा ताप कशाचा हे डॉक्टरांपासूनही लपवावं लागणार. दुसरं बाळाच्या दृष्टीने धोक्याचं. आणि अजून दीड वर्षाचा एमआर, डीपीटीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर, पाच वर्षांचा डोस बाकी आहेत. प्रत्येक वेळी चोरून जमणार नाही.

बोलून, डॉक्टरांकडे जाऊनही तो अडून राहिला तर सांगून न्या: "मी बुधवारी तिला लसीला नेणार आहे. तू सोबत आलास तर मला बरं वाटेल." यावर मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची धमकी असेल तर प्रश्न लसीचा राहत नाही, मग १८१ वर महिला मदतवाहिनी आहे.

सासूबाईंना एवढंच सांगा की गोवर येऊन गेलेली मुलं त्यांनी पाहिली ती वाचलेली. गोवरात न्यूमोनिया होतो, हजारात एखाद्याला मेंदूज्वर होतो, आणि इतर आजारांशी लढायची आधी कमावलेली ताकदही शरीर काही प्रमाणात विसरतं. वर्षाच्या आत गोवर झाला तर काही वर्षांनी मेंदू निकामी करणाऱ्या आजाराचा धोकाही जास्त.

अबोली:

काल बोलले. मध्ये बोलायचं नाही हे फार जड गेलं, पण पाळलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, ताप हीच भीती आहे. एमआरला तयार आहे, पण अटी घातल्यात: कुपी स्वतः बघणार, आणि पेंटाने पुन्हा ताप येणार असेल तर पेंटा नको. कुपीत बघायचं काय?

परळकर:

चांगली अट आहे, आनंदाने मान्य करा. कुपीवर एक गोल असतो, त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला तर उष्णता लागलेली आहे, ती वापरत नाहीत. एमआरच्या कुपीवर ही खूण झाकणाकडच्या भागावर असते, उघडली की निघून जाते. म्हणून कुपी फोडायच्या आधी दाखवायला सांगा. आधीच उघडलेली असेल तर तिच्यावर कालवल्याची वेळ लिहिलेली हवी, चार तासांच्या आतली. मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक त्याला स्वतःला कार्डावर लिहू द्या. सिरिंज पाकीट फोडून त्याच्यासमोर काढलेली असावी. ती एकदा वापरली की दट्ट्या अडकतो, पुन्हा भरता येत नाही.

या नियमांमागे इतिहास आहे, त्याला आवडेल. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी परळच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या प्लेगच्या लसीच्या एका दूषित बाटलीमुळे १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ती लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि पुढे तो दूर झाला. तेव्हा चूक लसीच्या घटकांत नव्हती, बाटली दूषित होण्यात होती. आज चार तासांचा नियम आहे तो नेमका यासाठी. एमआरमध्ये टिकाऊपणाचं द्रव्य नसल्याने उघड्या कुपीत जंतू वाढू शकतात.

निशिगंध:

पेंटाचा ताप मुख्यतः डांग्या खोकल्याच्या घटकाने येतो, त्यात जंतूची अख्खी मृत पेशी असते. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे त्याच घटकाचा शुद्ध केलेला प्रकार मिळतो, त्याने ताप आणि सूज कमी. एका डोसला काही हजार रुपये पडतात आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण तुलनेने लवकर ओसरतं, म्हणून माझी पहिली पसंती केंद्रातल्या पेंटालाच. पण डोस अजिबात न होण्यापेक्षा तो शंभर पटीने बरा. मागच्या वेळी तीन तासांहून जास्त आकांत, झटका किंवा बाळ निपचित पडणं असं काही झालं असेल तर डोसआधी डॉक्टरांना सांगाच.

लसीनंतर अर्धा तास केंद्रातच बसा. श्वासाचा त्रास, ओठ-चेहरा सुजणं असलं गंभीर काही झालं, जे साधारण दहा लाखांत एखाद्याला होतं, तर ते बहुतेक त्याच वेळात दिसतं आणि त्याचं इंजेक्शन तिथे तयार असतं. पेंटाचा ताप एक-दोन दिवस राहतो. पॅरासिटामॉल वजनावर, किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते, म्हणून किती मिली ते डॉक्टरांकडून कार्डावर लिहून घ्या आणि औषध मोजायचं काम नवऱ्याकडे द्या. मांडीवर थंड पाण्याची घडी, चोळायचं नाही, हळद-लिंबू काही लावायचं नाही. अंगावरचं दूध चालू. ताप दोन दिवसांनी उतरला नाही, झटका आला, बाळ दूध ओढेनासं झालं किंवा सलग तीन तास रडत राहिलं तर वाट न बघता रुग्णालय, आणि केंद्रालाही कळवा. अशा प्रत्येक घटनेची नोंद आणि गंभीर असल्यास चौकशी करणं त्यांना बंधनकारक आहे.

एमआरसाठी कॅलेंडरवर पाचव्या ते बाराव्या दिवसापर्यंत आत्ताच खूण करून ठेवा, म्हणजे त्या दिवसांत ताप आला तर तो अपेक्षित होता हे दोघांना माहीत असेल.

अबोली:

बुधवारी जातोय, तोही येतोय. पेंटाचं तिथल्या डॉक्टरांशी बोलून ठरवू असं म्हणाला.