मदत हवी आहे: पेशंट वर सरकवताना कंबर धरते, काय करू?

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये एका खाजगी हॉस्पिटलच्या ऑर्थो वॉर्डात स्टाफ नर्स आहे, १४ वर्षं झाली. गेले ३ महिने नाईट संपली की कंबर धरते. परवा तर उजव्या पोटरीपर्यंत कळ गेली. द्वारकेच्या सिग्नलला स्कूटी थांबवली, तर पाय खाली टेकवेना.

झालं असं, की खुब्याचं ऑपरेशन झालेले ९० किलोचे एक काका आहेत. डोक्याकडची बाजू वर केली की हळूहळू घसरत खाली येतात. पहाटे चारला वॉर्डात मी आणि एक मावशी, बस. दोघींनी ड्रॉ शीटचे, म्हणजे पेशंटच्या अंगाखालच्या आडव्या चादरीचे काठ धरले, मी मोजायला लागले आणि मावशींनी ‘दोन’लाच ओढलं. मी कमरेत वळलेली होते, सगळा हिसका मला बसला. मावशींचा काही दोष नाही, त्याही दमलेल्या होत्या.

‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा’ हे ट्रेनिंगमध्ये शिकलो, मी ते करतेही. जमिनीवरचं खोकं उचलताना ते जमतं. पण आमचे बेड माझ्या अर्ध्या मांडीला येतात आणि त्यांची उंची बदलत नाही. पेशंटवर ओणवं होताना गुडघे बेडच्या कडेला अडतात. मग वाकायचं कसं?

मेट्रन म्हणतात कमरेला पट्टा लाव. पट्ट्यानं बरं वाटतं, पण तो असला की मी जास्तच जोर लावते. तो कामावर वापरावा का? आणि पेशंट सरकवायला खाली घालतात ते स्लाइड शीट कुठे मिळेल? २०२७च्या सिंहस्थात वॉर्ड भरलेले असणार, त्याआधी मला धड व्हायचंय. हे काम मला सोडायचं नाही.

प्रतिसाद:
सिस्टर, मी नाशिक रोडला फिजिओथेरपी करतो. आधी तुमचं दुखणं. पोटरीपर्यंत कळ म्हणजे नस दबत असू शकते, तुमच्याच ओपीडीत दाखवा. पाऊल उचलेनासं झालं, लघवीवरचा ताबा गेला किंवा बसायच्या जागी बधिर वाटलं तर त्याच दिवशी जा, ड्युटीकडे बघू नका.

धडधाकट माणसाची पाठ पट्ट्यानं वाचते याला पुरेसा पुरावा नाही, असं अमेरिकेच्या ‘निऑश’ या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं १९९४मध्येच सांगितलंय. पेशंट उचलण्यासाठी तिथल्याच संशोधकानं २००७मध्ये सुमारे १६ किलोची मर्यादा सुचवली. माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्शाचा असतो, म्हणजे काकांचा नुसता पायच १५ किलो! त्यांना उचलायचंच नाही, सरकवायचं.

काकांना दम लागत नसेल तर आधी बेडची डोक्याकडची बाजू सपाट करा, नाहीतर चढावर ओढल्यासारखं होतं. चाकं लॉक. शीट काकांच्या अंगालगत गुंडाळून घट्ट धरा. पावलं जायच्या दिशेला, एक पुढे एक मागे, आणि अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्यावर न्या. हातानं ओढू नका. बेड फार खाली असेल तर स्वच्छ चादर टाकून एक गुडघा बेडवरच टेकवा. सर्जननी परवानगी दिली असेल तर काकांना चांगला पाय दुमडून रेटायला सांगा, निम्मं काम तेच करतील.

स्लाइड शीट पॅराशूटसारख्या निसरड्या नायलॉनचं असतं. आम्ही मेन रोडवरून कापड आणून नळीसारखं शिवून घेतलं. काम झालं की लगेच काढा, नाहीतर पेशंट घसरतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार, दादा. काल रात्री बेड सपाट केला, गुडघा टेकवला, आणि आकडे मावशींनाच मोजायला लावले. काका एका दमात वर गेले. उद्या ओपीडीत दाखवते. उंची बदलणारे निदान दोन बेड मागायचा अर्ज करतेय; कुणी असा अर्ज मंजूर करून घेतला असेल तर त्यात काय लिहिलं होतं ते सांगाल का?